‘लीडरने माफी मागू नये’ असं चाणक्य म्हणालाच नाही

चवथीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या भाच्याने व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवलं: ‘खऱ्या लीडरचे पाच नियम, आचार्य चाणक्य’. एक, हाताखालच्यांसमोर कधीही माफी मागू नका, वचक जातो. दोन, ‘मला माहीत नाही’ हे शब्द तोंडातून काढू नका. तीन, चुकणाऱ्याला पहिल्याच चुकीला सगळ्यांसमोर झापा, बाकीचे आपोआप सुधारतात. चार, जिच्यात चुका होत नाहीत तीच उत्तम टीम. पाच, आत्मपरीक्षण दुबळ्यांनी करावं, नेता मागे वळून बघत नाही.

हाच मजकूर त्या आठवड्यात मला आणखी तीन ग्रुपांवर आला आणि मी सोडून दिला. पण भाच्याला गेल्याच महिन्यात गोव्यातल्या वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज केलंय. 26 वर्षांचा मुलगा, हाताखाली 14 माणसं. तो हे मनापासून मानायला लागला तर त्रास त्या 14 जणांना होणार आणि त्यांनी बनवलेल्या गोळ्या खाणाऱ्यांनाही होणार.

आधी चाणक्याचं बघू, कारण त्याच्या नावावर काहीही खपवायची आता सवयच झालीय. अर्थशास्त्राच्या पहिल्याच अधिकरणात राजाने जिंकायचे सहा शत्रू दिलेत: काम, क्रोध, लोभ, मान, मद, हर्ष. ‘माझं चुकतच नाही’ हा मानच, आणि मानापायी बुडालेल्यांत तिथे रावण आणि दुर्योधन ही नावं आहेत. पुढच्याच अध्यायात म्हटलंय की राजाला धोक्याच्या वाटेवरून मागे खेचतील असे आचार्य किंवा अमात्य त्याने नेमावेत, आणि तो एकांतात चुकत असेल तर त्यांनी त्याला वेळेची जाणीव देऊन टोचावं. तिथला शब्द ‘प्रतोद’ आहे, म्हणजे बैलाला टोचायची पराणी. राजाने स्वतःच्या पाठीशी पराणी ठेवावी असं सांगणाऱ्या माणसाच्या तोंडी पाचवा नियम घालायला लाज वाटली पाहिजे.

आता चौथा नियम. सगळ्यांत घातक हाच, आणि वाचायला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो तोही हाच.

एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेने दोन रुग्णालयांच्या विभागांत औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला, तो 1996 साली प्रसिद्ध झाला. जिथे टीम चांगली तिथे चुका कमी, अशी तिची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या टीममध्ये चुका जास्त दिसत होत्या. शोध घेतल्यावर कळलं की तिथे परिचारिका चूक झाली की बोलत होत्या, आणि जिथे प्रमुखाचा धाक होता तिथे चुका दडपल्या जात होत्या. कमी आकडा भीतीचा होता.

हे मला कुणी अमेरिकेतून सांगायची गरज नव्हती. मी स्वतः क्वालिटी विभागात बरीच वर्षं काढलीत. पावडर चाळायच्या आधी आणि नंतर सिफ्टरची चाळणी उजेडात धरून बघायची असते, जाळी फाटली असेल तर तारेचा तुकडा मालात गेलेला असू शकतो. पुढे मेटल डिटेक्टर असतो खरा, पण स्टेनलेस स्टीलची बारीक तार त्यातून निसटू शकते. एका ऑपरेटरने मला येऊन सांगितलं, मॅडम, जाळी गेलीय. ऑडिट तोंडावर होतं. मी त्याला अख्ख्या लाईनसमोर झापलं. पुढचे चार महिने त्या सेक्शनमधून एकही डेव्हिएशन, म्हणजे ठरल्यापेक्षा काही वेगळं झाल्याची नोंद, आलं नाही, आणि मीटिंगमध्ये ते मी अभिमानाने सांगत होते.

मग एके दिवशी धुवायला नेलेली चाळणी सफाईवाल्याने मला आणून दाखवली. कडेला नखाएवढी फाट. बॅच रेकॉर्डवर त्याच शिफ्टची सही आणि ‘चाळणी ओके’. सही करणाऱ्याला विचारलं तर तो खाली बघत म्हणाला, “मॅडम, मागच्या वेळी त्याने सांगितलं तेव्हा काय झालं ते आम्ही बघितलं.”

त्या दिवशी माल होल्डवर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला शिफ्ट बदलताना दोन्ही शिफ्टच्या माणसांना उभं करून मी सांगितलं की खोटी सही त्याची, पण ती करायची वेळ मी आणली. ज्याला झापलं होतं त्याची नाव घेऊन माफी मागितली. वचक गेला का? पुढच्या आठवड्यात तीन डेव्हिएशन आली. त्यातलं एक मी चुकीच्या कॉलममध्ये केलेल्या सहीचं होतं.

तिसऱ्या नियमाचं उत्तर यातच आलं. दुसऱ्याबद्दल एवढंच की मशीनचं न कळणाऱ्या साहेबाने कळल्याचं सोंग केलं तर पोरांच्या ते पाच मिनिटांत लक्षात येतं.

पहिल्या नियमात अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करते. रोज उठून सॉरी म्हणणारा आणि पुन्हा तेच करणारा साहेब कुणालाच नको असतो. आग लागली असताना आधी आग विझवावी, माफी नंतर. पण ‘कधीही नाही’ हे भाटकाराचं, म्हणजे गोव्यातल्या जमीनदाराचं तत्त्व झालं. त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकाराला घरातून काढायची भीती घालून मान खाली घालायला लावायचे दिवस 1975 च्या मुंडकार कायद्याने मोडीत काढले, ते शॉप फ्लोअरवर परत आणायचं काही कारण नाही.

रविवारी भाचा जेवायला आला होता. म्हणाला, “पण मावशे, थोडा धाक नको?” मी विचारलं, तू चार्ज घेतल्यापासून तुझ्या शिफ्टमध्ये डेव्हिएशन किती?

“झीरो,” तो खुशीत म्हणाला.

मी त्याला म्हटलं, उद्या शिफ्ट सुरू व्हायच्या आधी चाळणी स्वतः उजेडात धरून बघ, आणि बघताना ऑपरेटरला तुझ्या शेजारी उभा कर.