डोकं ओढून लीड बदलत नाही

घोडेस्वारी शिकणाऱ्यांच्या गटांमध्ये एक सल्ला पुढे पुढे पाठवला जातो. कँटरमध्ये, म्हणजे तीन ठेक्यांच्या संथ दौडीत, आठचा आकडा काढा, मध्यावर जमिनीवर बांबू टाका, बांबूवर येताच घोड्याचं डोकं नव्या दिशेला ओढा, आपलं अंगही तिकडेच झोका आणि जोरात टाच मारा. आठवड्यात घोडा फ्लाइंग चेंज, म्हणजे कँटर न मोडता लीड (कँटरमध्ये ज्या बाजूचे पाय पुढे पडतात ती बाजू) बदलणं, शिकतो. नाही शिकला तर तो हट्टी. हा सल्ला ऐकून किती चांगल्या घोड्यांचं कँटर बिघडतं, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासायलाच हवा.

“डोकं नव्या दिशेला ओढा.” मुळातली चूक ही. डाव्या लीडचं कँटर बघा: आधी उजवा मागचा पाय टेकतो, मग डावा मागचा आणि उजवा पुढचा एकदम, मग डावा पुढचा, आणि नंतर क्षणभर चारही पाय हवेत. ही एक स्ट्राइड साधारण 0.6 सेकंदाची. लीड बदलतो तो त्या हवेतल्या क्षणात, आणि उजव्या लीडसाठी आता डावा मागचा पाय पहिला टेकायला हवा. म्हणजे बदल मागून सुरू व्हायला हवा. डोकं उजवीकडे ओढलं की मान वाकते, वजन डाव्या खांद्यावर पडतं आणि मागच्या पायांना काही कळतच नाही. मग पुढचे पाय बदलतात, मागचे एक स्ट्राइड उशिरा बदलतात किंवा बदलतच नाहीत. यालाच क्रॉस-कँटर म्हणतात.

तरीही हा सल्ला टिकून राहतो, कारण खोगिरावरून स्वाराला दिसतात फक्त खांदे. खांदा बदलला की चेंज झाला असं त्याला वाटतं. कुणाला तरी बाजूला उभं करून मोबाइलवर शूटिंग घ्या आणि स्लो मोशनमध्ये फक्त मागचे खूर बघा. बसल्या जागी कंबरेखाली आडवे, घुसळल्यासारखे हिसके लागत असतील, तर मागचे पाय राहून गेले आहेत.

“अंग झोका, टाच मारा.” स्वार एका बाजूला कलला की घोडा तोल सावरायला वेग वाढवतो. वेग वाढला की कँटर लांब आणि सपाट होतं, हवेतला क्षण आखूड होतो, आणि बदलायची जागाच उरत नाही. डावीकडून उजवीकडे बदलताना करायचं ते एवढंच: एक-दोन स्ट्राइड आधी हाफ हॉल्ट (घोड्याला क्षणभर रोखून सावरणं), मान सरळ. उजवं सीट बोन (बसण्याचं हाड) किंचित पुढे, उजवी पोटरी तंगाजवळ (खोगिराच्या पोटपट्ट्याजवळ), डावी पोटरी तंगाच्या मागे चार बोटं. डावा लगाम धरून ठेवायचा, उजवा किंचित सैल. इशारा द्यायचा तो डावा पुढचा पाय जमिनीवर येताना. तो खूर उचलल्यावर दिलात तर त्या स्ट्राइडपुरता उशीर झालाच.

“मध्यावर बांबू टाका.” हे पूर्ण खोटं नाही. जंपिंगच्या ज्या घोड्याचं कँटर आधीच सरळ आणि संथ आहे, त्याला बांबूमुळे थोडा जास्त वेळ हवेत मिळतो. पण कच्च्या घोड्याला तो बांबूवरून झेप घेऊन पळायला शिकवतो. शिवाय ठरलेल्या जागी रोज चेंज मागितला की आपण विचारायच्या आधीच घोडा बदलतो. असं झालं तर त्याच जागी लीड न बदलता काउंटर-कँटरमध्ये (वळणाच्या उलट लीडवर) पुढे जायचं.

“आठवड्यात शिकतो.” आधी काय यायला हवं ते बघा. वॉकमधून दोन्ही लीडवर सरळ कँटर. सिंपल चेंज, म्हणजे कँटरमधून वॉक, स्वच्छ 3 ते 5 पावलं, आणि दुसऱ्या लीडवर कँटर. लांब बाजूवर आणि सौम्य वळणावर न डगमगता काउंटर-कँटर. यातलं एकही कच्चं असेल तर चेंज मागू नये. हे पक्कं झाल्यावर लांब बाजूच्या शेवटी 10 मीटरचं अर्धवर्तुळ काढा, तिरके परत कडेला या, आणि पुढच्या कोपऱ्याआधी चेंज मागा. चांगला झाला की लगाम लांब सोडून वॉक. एका दिवसात दोन-तीन पुरे. चेंजनंतर घोडा पळाला तर ओढाताण नको, 20 मीटरच्या वर्तुळावर घेऊन वॉक. आंतरराष्ट्रीय ड्रेसाजमध्येही (घोड्याच्या शिकवलेल्या हालचालींच्या स्पर्धेत) दर चौथ्या स्ट्राइडला ओळीने 5 चेंज येतात ते प्री सँ जॉर्ज पातळीला, आणि दर स्ट्राइडला 15 येतात ते सर्वांत वरच्या ग्राँ प्री पातळीला. तिथवर पोचायला घोड्याला वर्षं लागतात.

“रेसचा घोडा तर आधीच शिकलेला असतो.” ही पुस्तीही बरेचजण जोडतात. मुंबई-पुण्याच्या क्लबांत रेसमधून निवृत्त झालेले थरोब्रेड असतात, म्हणून तिचं उत्तर द्यायला हवं. तो घोडा वळणावर एक लीड आणि सरळ मार्गावर दुसरा घेतो हे खरं. पण तो चौखूर वेगात, वजन पुढे टाकून बदलतो. स्वाराचं अंग हललं की बदलायचं, ही त्याची शिकवण. त्याला बदलायला नव्हे, वाट बघून, विचारल्यावरच बदलायला शिकवायचं असतं, आणि सिंपल चेंजवर त्याला इतरांपेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो.

“नाही बदलला तर हट्टी.” चेंज मागताच घोडा ढुंगण उडवतो, शेपटी आपटतो, किंवा एकाच बाजूच्या चेंजला त्याचे मागचे पाय कायम उशिरा बदलतात, तेव्हा टाच वाढवू नका. आधी खोगीर उतरवून पाठीवरून तळहात दाबत न्या. एखाद्या जागी तो दबला किंवा कातडी थरथरली तर खोगीर बोचत असू शकतं. दात आणि बिट (लगामाचा तोंडातला भाग) तपासा. आतापर्यंत सहज होणारा चेंज अचानक बंद झाला असेल, तर पशुवैद्याकडून मागच्या पायांचे सांधे आणि कंबर बघून घ्या, आणि तोवर चेंज मागणं बंद ठेवा.