‘टीएक्स-आरएक्स उलटं जोडा, बॉड रेट जुळवा, झालं!’ सिरियलचा हा सल्ला कुठे कुठे फसतो

दोन मायक्रोकंट्रोलर बोर्ड एकमेकांशी बोलेनात, की ठरलेला सल्ला मिळतो: ‘सिरियलमध्ये बिघडण्यासारखं काही नसतंच. दोनच वायर. एकाची टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला लावा, बॉड रेट दोन्हीकडे सारखा ठेवा. गार्बेज आलं तर बॉड रेट कमी करा. अक्षरं गळाली तर डिले वाढवा. तरी जमलं नाही तर पिन जळली, बोर्ड बदला.’ शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, मजकूर तोच राहतो. (सिरियल म्हणजे एका वायरवरून एकामागून एक बिट पाठवणं. टीएक्स ही पाठवणारी पिन, आरएक्स ही घेणारी, बॉड रेट म्हणजे सेकंदाला जाणारे बिट, गार्बेज म्हणजे भलतीच अक्षरं, आणि डिले म्हणजे प्रोग्राम थोडा वेळ थांबवून ठेवणं.)

दोन आर्डुइनो उनो एकाच लॅपटॉपला लावलेले असतील तर हा सल्ला चालूनही जातो. त्यामुळेच तो इतका फिरतो. त्यातला एक बोर्ड काढून तिथे ईएसपी३२ बसवला, किंवा एक बोर्ड वेगळ्या अडॅप्टरवर नेला, की अडचणी सुरू होतात. म्हणून एकेक वाक्य तपासू.

‘दोनच वायर’

तीन. तिसरी ग्राउंडची. टीएक्सवरचे ५ व्होल्ट हे त्या बोर्डाच्या ग्राउंडपासून मोजलेले असतात. समोरच्या बोर्डाला ते ग्राउंड ठाऊकच नसेल, तर त्याच्या दृष्टीने त्या वायरवर काहीही असू शकतं.

मग दोन वायरींवर चाललेलं लोक दाखवतात ते कसं? दोन्ही बोर्ड एकाच लॅपटॉपच्या यूएसबीवर असतात आणि ग्राउंड लॅपटॉपमधून आपोआप जोडलेलं असतं. एक केबल काढून बोर्ड बॅटरीवर टाकला, की तेच सर्किट, तोच प्रोग्राम, आणि डेटा मात्र बंद. ओळखायची खूण सोपी आहे: वायरला हात लावला किंवा हलवली की येणारी अक्षरं बदलतात. दोन्ही बोर्डांची पॉवर काढा आणि एकाच्या जीएनडी (ग्राउंड) पिनपासून दुसऱ्याच्या जीएनडी पिनपर्यंत मल्टिमीटरने कंटिन्युइटी (जोड सलग आहे का ते) तपासा. बीप वाजला नाही तर पुढचं काही तपासण्यात अर्थ नाही.

‘टीएक्स आरएक्सला लावा’

तत्त्व बरोबर आहे, पण पिन कोणती? उनोच्या ० आणि १ क्रमांकाच्या पिना मोकळ्या नसतात. बोर्डावरची यूएसबी चिप १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून त्यांनाच जोडलेली असते. याचे दोन परिणाम होतात. पिन ० ला दुसरा बोर्ड लावलेला असताना स्केच (आर्डुइनोचा प्रोग्राम) अपलोड करायला गेलात, तर ‘नॉट इन सिंक’चा एरर येतो. वायर काढली की अपलोड होतं. दुसरा परिणाम जास्त छळतो: सिरियल मॉनिटरवर (लॅपटॉपवरच्या खिडकीत) पाहायला म्हणून टाकलेली प्रत्येक प्रिंट ओळ पिन १ वरून समोरच्या बोर्डालाही जाते. तो बिचारा ‘सेन्सर सुरू झाला’ हे वाक्य आज्ञा म्हणून वाचायला बसतो.

आर्डुइनो मेगा २५६० वर हा त्रास टळतो. तिथे सिरियल१ साठी १८ ही टीएक्स आणि १९ ही आरएक्स अशी स्वतंत्र जोडी आहे. ईएसपी३२ वर सिरियल२ सहसा १७ (टीएक्स) आणि १६ (आरएक्स) वर असतो, पण रोव्हर मॉड्यूलमध्ये त्या दोन पिना पीएसरॅमने (जादा मेमरीच्या चिपने) व्यापलेल्या असतात. तिथे बिगिन (सिरियल सुरू करणारी आज्ञा) लिहिताना वेगळ्या पिना द्या, आणि क्रम लक्षात ठेवा: आधी बॉड रेट, मग फ्रेमचा (एका बाइटच्या बिटरचनेचा) प्रकार, मग आरएक्स, शेवटी टीएक्स. हे शेवटचे दोन आकडे उलटे पडणं फारच नेहमीचं.

मॉड्यूलवरच्या अक्षरांवरही डोळे मिटून विश्वास नको. काही मॉड्यूलांवर ‘टीएक्स’ म्हणजे मॉड्यूलची टीएक्स, काहींवर ‘इथे तुमची टीएक्स लावा’. शंका असेल तर पिन आणि ग्राउंडमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर धरून व्होल्टेज मोजा. खरी टीएक्स शांत असताना हायच (पुरवठ्याच्या व्होल्टेजवर; लो म्हणजे ० व्होल्टवर) असते, त्यामुळे ती जागची हलत नाही. आरएक्स असेल तर आकडा धाडकन खाली येतो. उनोच्या पिन ० वर ही युक्ती फसते, कारण यूएसबी चिप ती पिन वर धरून ठेवते.

दोन टीएक्स चुकून एकमेकींना लागल्या तर? दोन्ही शांत आहेत आणि व्होल्टेज सारखं आहे तोवर काही होत नाही. एकाने बोलायला सुरुवात केली की एक पिन हाय, दुसरी लो, म्हणजे थेट शॉर्ट. उनोवरची मुख्य चिप एटीमेगा३२८पी, तिच्या पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे. प्रयोग करताना दोन्ही वायरींत १ किलोओहम घालून ठेवा (उनोची पिन ० सोडून, तिथे यूएसबी चिपचा १ किलोओहम आडवा येतो). असा शॉर्ट झाला तरी प्रवाह ५ मिलिअँपिअरवर अडतो आणि सिरियलच्या वेगावर फरक पडत नाही.

‘बिघडण्यासारखं काही नसतंच’

व्होल्टेजचं काय? उनो ५ व्होल्टचा, ईएसपी३२ ३.३ व्होल्टचा. ईएसपी३२ च्या इनपुट पिनवर पुरवठ्यापेक्षा ०.३ व्होल्टहून जास्त नको, म्हणजे साधारण ३.६ व्होल्टपर्यंतच. ‘मी थेट जोडलं, चालतंय’ असं म्हणणाऱ्याच्या पिनमधून संरक्षक डायोडमार्गे प्रवाह वाहत असतो, एवढंच. उनोच्या टीएक्सला १ किलोओहम, तिथून ईएसपीच्या आरएक्सला वायर, आणि त्याच बिंदूपासून ग्राउंडला २ किलोओहम: ३.३३ व्होल्ट मिळतात. १० आणि २० किलोओहमची जोडीही ११५२०० बॉडपर्यंत चालते. १० लाख बॉडला मात्र तिच्यामुळे कडा गोल होतात.

उलट दिशेला रेझिस्टर लागत नाहीत, पण तिथेही फार ऐसपैस नाही. ५ व्होल्टवर चालणारा एटीमेगा३२८पी ०.६ पट, म्हणजे ३.० व्होल्टपासून पुढे हाय मानतो. ३.३ मधून ३.० गेले, उरले ०.३ व्होल्ट. हातभर वायरला पुरेसे. मोटर, रिले शेजारी असतील तर मध्ये ७४एचसीटी१२५ ही बफर चिप घाला, तिला हाय म्हणायला २ व्होल्ट पुरतात.

आणखी एक विचित्र प्रकार. एका बोर्डाची पॉवर काढली तरी त्याचा एलईडी मंद पेटलेला राहतो, आणि पुन्हा पॉवर दिल्यावर बोर्ड नीट रीसेट होत नाही. समोरच्या बोर्डाची शांत, हाय असलेली टीएक्स त्याला आरएक्सच्या पिनमधून वीज पाजत असते. मघाचा १ किलोओहम इथेही कामी येतो.

‘बॉड रेट सारखा ठेवा, गार्बेज आलं तर कमी करा’

कोडमध्ये सारखा आकडा लिहिला म्हणजे वायरवर सारखा वेग मिळाला, असं नाही. १६ मेगाहर्ट्झच्या उनोला ११५२०० जमत नाहीत. क्लॉकला (चिपच्या घड्याळाच्या ठोक्यांना) पूर्ण संख्येनेच भागता येतं, त्यामुळे प्रत्यक्षात ११७६४७ मिळतात, २.१ टक्के जास्त. ८ मेगाहर्ट्झचा ३.३ व्होल्टवाला आर्डुइनो प्रो मिनी त्याच ११५२०० साठी ११११११ देतो, ३.५ टक्के कमी. दोघांच्या कोडमध्ये एकच आकडा, आणि वायरवर फरक जवळपास ६ टक्के.

हा फरक का नडतो ते एका बाइटवर पाहा: आधी एक स्टार्ट बिट, मग आठ डेटा बिट, शेवटी एक स्टॉप बिट. घेणारा बोर्ड स्टार्ट बिटच्या कडेवर घड्याळ लावतो आणि मग प्रत्येक बिटच्या मधोमध पाहतो. स्टॉप बिटचा मध्य साडेनऊ बिटांवर येतो. म्हणजे दोघांत ५ टक्के फरक असेल तर तिथे पोचेपर्यंत अर्ध्या बिटाची चूक साचते. उनो बोलतोय आणि प्रो मिनी ऐकतोय अशा वेळी आठवा डेटा बिट बरोबर सीमारेषेवर वाचला जातो. मग ६५ (रोमन मोठा ‘ए’) पाठवल्यावर कधी ६५ मिळतो, कधी १९३. पहिले सात बिट बरोबर, आठवा चुकलेला. असं अर्धवट बरोबर गार्बेज दिसलं तर वायरींवर संशय घेऊ नका, क्लॉक बघा. दोन उनो ११५२०० वर मजेत बोलतात, कारण दोघांची चूक एकच आहे.

म्हणूनच ‘कमी करा’ हा नियम नाही. उनोवर २३०४०० ला ३.५ टक्के चूक आहे आणि त्याहून वेगवान २५०००० ला शून्य. ५००००० आणि १० लाखही नेमके बसतात. खालच्या बाजूला ९६०० आणि ३८४०० दोन्हींत ०.२ टक्केच चूक, ८ आणि १६ दोन्ही मेगाहर्ट्झवर. वेगवेगळे बोर्ड जोडायचे असतील तर ३८४०० घ्या. एटीमेगा३२८पी आतल्या आरसी ऑसिलेटरवर (चिपमधल्याच, कमी अचूक घड्याळावर) चालत असेल तर बात वेगळी. कारखान्यातलं कॅलिब्रेशन ±१० टक्क्यांपर्यंतच भरवशाचं असल्याने ९६०० वरसुद्धा गार्बेज येऊ शकतं, आणि तिथे बॉड रेट कितीही कमी केला तरी टक्केवारी तीच राहते.

वायरवरचा खरा वेग मोजायचा तर सलग ०x५५ पाठवत राहा, रोमन मोठा ‘यू’. स्टार्ट आणि स्टॉप धरून त्याचे बिट एकाआड एक ०-१ पडतात, म्हणजे शुद्ध चौकोनी लहर, बॉड रेटच्या निम्म्या फ्रिक्वेन्सीची. ९६०० ला ४.८ किलोहर्ट्झ. ११५२०० वरचा उनो ५७.६ च्या जागी सुमारे ५८.८ किलोहर्ट्झ दाखवतो. मल्टिमीटरला हर्ट्झची रेंज नसेल तर डीसीवर ठेवा: ५ व्होल्टच्या बोर्डावर अंदाजे २.५ व्होल्ट दिसले तर डेटा निघतोय, ५ वर ठाम असेल तर काहीच निघत नाही, ० असेल तर ती टीएक्स नव्हे किंवा सिरियल सुरूच झालेलं नाही.

शिवाय सगळं गार्बेज बॉड रेटचं नसतं. ईएसपी८२६६ सुरू होताना ७४८८० वर काहीबाही छापतो, ते एकदाच येतं, सोडून द्या. नऊ पिनांच्या आरएस-२३२ पोर्टवरून आलेला सिग्नल उलटा असतो आणि ऋण व्होल्टेजपर्यंत जातो. तो मॅक्स३२३२ या व्होल्टेज बदलून देणाऱ्या चिपशिवाय पिनला लावूच नका.

‘अक्षरं गळाली तर डिले वाढवा’

कुठे, ते सल्ल्यात नाही. पाठवणाऱ्याकडे वाढवला तर समोरच्याला सवड मिळते, कधी कधी काम होतं. घेणाऱ्याकडे वाढवला तर गळती वाढते, आणि बहुतेक जण तिथेच वाढवतात.

उनोचा रिसीव्ह बफर (आलेले बाइट वाचेपर्यंत ठेवायची जागा) ६४ बाइटांचा, मावतात ६३. ११५२०० ला एक बाइट ८७ मायक्रोसेकंदांत येतो, म्हणजे साडेपाच मिलिसेकंदांत बफर भरतो. ९६०० ला ६५ मिलिसेकंद लागतात. लूपमध्ये (प्रोग्रामच्या पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात) १०० मिलिसेकंदांचा डिले असेल आणि समोरून सतत डेटा येत असेल, तर दोन्ही वेगांना गळती ठरलेली. भरलेल्या बफरात नवा बाइट टाकला जात नाही, जुने तसेच राहतात. त्यामुळे एका ओळीचं डोकं आणि चार ओळींनंतरचं शेपूट अशी जोडलेली ओळ दिसते. ती दिसली की निदान झालं.

उपाय म्हणजे डिले काढून मिलिस या फंक्शनने वेळ मोजणं, आणि लूपच्या प्रत्येक फेरीत जेवढे बाइट आलेत तेवढे उचलून ३२ किंवा ६४ च्या ॲरेत ठेवत जाणं. ओळ संपल्याचं चिन्ह आलं की मगच अर्थ लावायचा. रीडस्ट्रिंग हे फंक्शन वापरणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की ते मुळात एक सेकंद वाट पाहत थांबतं.

एका बाबतीत मात्र बॉड रेट कमी करणं खरंच लागू पडतं. डब्ल्यूएस२८१२ या रंगीत एलईडींच्या पट्टीला डेटा देताना इंटरप्ट (आलेला बाइट लगेच उचलायला चिपला सांगणारे इशारे) बंद असतात. ६० एलईडींना १.८ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात ११५२०० वर वीस बाइट येतात आणि हार्डवेअर दोन-तीनच धरून ठेवू शकतं. ९६०० वर त्याच वेळात दोन बाइटही येत नाहीत.

अक्षरं बरोबर आली, तरी काम होत नाही

सल्ल्यात याचा उल्लेखच नाही. मॉनिटरवर ‘ओएन’ ही रोमन अक्षरं स्वच्छ दिसतात, तरी एलईडी लागत नाही. शेवटी ओळ संपल्याची चिन्हं (१३, १०) जोडणाऱ्या प्रिंटएलएनने चार बाइट पाठवलेत: ७९, ७८, १३, १०. घेणाऱ्याने १० पर्यंत वाचलं, हाती ७९, ७८, १३ राहिले, आणि तुलना दोन अक्षरांशी केली. न दिसणारा १३ आडवा येतो. ट्रिम (कडेची न दिसणारी चिन्हं कापणारं फंक्शन) लावा. प्रिंट(६५) ‘६’ आणि ‘५’ असे दोन बाइट पाठवतं, राइट(६५) एकच, ही गल्लतही याच जातीची.

स्ट्रक्ट (अनेक व्हेरिएबलांचा एकत्र गठ्ठा) जसाच्या तसा पाठवणाऱ्यांसाठी: इंट उनोवर २ बाइटांचा, ईएसपी३२ वर ४. डबल उनोवर ४, तिकडे ८. एक बाइट आणि एक फ्लोट असा स्ट्रक्ट उनोवर ५ बाइटांचा, ईएसपीवर मधल्या रिकाम्या जागेमुळे ८. दोन्हीकडे इंट१६_टी सारखे ठरावीक आकाराचे प्रकार वापरा, स्ट्रक्ट पॅक्ड (मध्ये रिकामी जागा न सोडणारा) करा, पुढे ०xएए सारखा स्टार्ट बाइट आणि शेवटी सीआरसी-८ (चूक पकडणारा तपासणी बाइट) ठेवा.

‘पिन जळली, बोर्ड बदला’

बदलण्याआधी लूपबॅक करा. उनोची रीसेट पिन ग्राउंडला धरून ० आणि १ जंपरने जोडा, मॉनिटरमध्ये काही टाइप करून पाठवा. तेच परत आलं तर केबल आणि यूएसबी चिप ठीक. मेगावर १८-१९, ईएसपी३२ वर सिरियल२ च्या पिना (सहसा १६-१७) जोडा आणि बोर्डाने स्वतःच पाठवलेलं स्वतः वाचून पाहायचं स्केच टाका. दोन्ही बोर्ड यात पास झाले, तर दोष जंपरमध्ये किंवा ब्रेडबोर्डच्या सैल भोकात शोधा.

पिन खरंच गेली असली तरी बोर्ड टाकायची गरज नाही. ईएसपी३२ वर तोच सिरियल दुसऱ्या मोकळ्या पिनांवर वळवता येतो. उनोवर सॉफ्टवेअरसिरियल (हार्डवेअरऐवजी प्रोग्रामने चालणारं सिरियल) पिन १० आणि ११ वर घ्या, वेग ३८४०० च्या पुढे नेऊ नका, आणि दोन्ही बोर्डांना आळीपाळीने बोलू द्या: एक बाइट पाठवत असताना ते येणारा बाइट ऐकू शकत नाही.