माझ्या कुत्रीला बिचारी म्हणू नका

मी आणि माझी कुत्री चिंगी इंग्लंडमध्ये कालव्यावरच्या बोटीतच राहतो. आज दुपारी कालव्याकाठच्या पायवाटेवर एक बाई थांबल्या. अंगात गुडघ्यापर्यंतचं जाकीट, हातात कॉफी. मी छपरावरून कोळशाची गोणी उतरवत होते, आणि चिंगी तिचा कोट घालून पुढच्या डेकवर उभी होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "बिचारी! एवढ्या थंडीत हिला बोटीत ठेवता?" उत्तराची वाटही न बघता चालत्या झाल्या. तेव्हापासून डोकं तडकलंय, म्हणून हे लिहितेय.

चिंगी ग्रेहाउंड आहे, शर्यतीतून निवृत्त झालेली. तिच्या दोन्ही कानांच्या आत हिरव्या शाईने अक्षरं गोंदलेली आहेत. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या शर्यतीच्या कुत्र्यांना असं गोंदतात. माझ्याकडे आली तेव्हा मांड्यांवर केस नव्हते, आणि दार जोरात लागलं की कोपऱ्यात जाऊन थरथरायची. ती पळत होती आणि लोक तिच्यावर पैसे लावत होते, तेव्हा कुणाला ती बिचारी वाटली नाही. आता शेगडीसमोर चारही पाय वर करून घोरते, तर म्हणे बिचारी!

बरं, मान्य. या जातीच्या अंगावर चरबी नसते, केसही आखूड, थंडी तिला माझ्याआधी कळते. म्हणूनच तर कोट आहे ना!

इथे २०२२ च्या डिसेंबरात कालवा गोठला होता. आमची बोट ट्रिंग गावाजवळ, ग्रँड युनियन कालव्याच्या वरच्या टप्प्यात अडकली. कोळसा आणि डिझेल विकत फिरणारी बोट बर्फामुळे येईना. माझ्याकडे गोणीच्या तळाशी चुरा उरला होता. पुढच्या बोटीतल्या आजी संध्याकाळी हातगाडीवर अर्धी गोणी घालून आल्या आणि म्हणाल्या, "कोळसा घे, पण आज रात्री ही माझ्याकडे झोपेल." त्यांचा कुत्रा त्याच शरदात गेला होता. मी मुकाट्याने पट्टा त्यांच्या हातात दिला.

सकाळी आणायला गेले तर आजी खुर्चीत शाल लपेटून बसलेल्या आणि चिंगी त्यांच्या पलंगावर आडवी पसरलेली. "बाईसाहेबांनी जागाच दिली नाही," आजी म्हणाल्या. रात्रभर खुर्चीत काढूनही चेहरा असा फुललेला की काय सांगू! बिचारी वगैरे शब्द आजींच्या तोंडून एकदाही आला नाही.

आता दुसरी पार्टी. म्हणजे तुमच्यातलेच काही. मी शेगडीचा फोटो टाकला की "स्वर्ग!", "मज्जा आहे बुवा तुझी!" अहो, तो फोटो काढायच्या आधी सकाळी सहाला उठून राख पाडलेली असते, निखारे उकरून त्यावर कोळसा रचलेला असतो, खिडक्यांवरून ओघळणारं पाणी फडक्याने पुसून ते फडकं पिळलेलं असतं. सगळी बोट आतून सहा फूट रुंद. त्यात मी, चिंगी आणि वाळत घातलेले मोजे. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, आणि ट्रिंगच्या टेकडी खोदून केलेल्या खोल कटिंगमध्ये तर तो दुपारीही पोचत नाही. मग सोलर पॅनेल नुसती छपराला ओझं. बॅटऱ्या भरायला इंजिन चालवायचं, तेही रात्री आठच्या आत, नाहीतर शेजारी शिव्या घालणार. संडासाची टाकी ट्रॉलीवर घालून ओढत न्यायची ती वेगळीच. तिचा फोटो टाकू? मग म्हणाल का स्वर्ग?

आईला हे सगळं सांगितलं तर ती एवढंच म्हणते, "अगं, मग घर घे ना." आईचं सोडा, आईला सगळं माफ. पण बाकीच्यांनी हे विचारताना जरा इथली भाडी बघावीत.

धुराबद्दल कुणी बोललं तर मात्र मी गप्प बसते. काठावरच्या फ्लॅटवाल्यांना आमच्या चिमणीचा त्रास होतो, हे खरं आहे. बिनधुराचा कोळसा वापरते, तरी थोडा होतोच. आणि फेब्रुवारीतल्या चिखलात फिरून आलेलं ओलं कुत्रं सहा फुटांत अंग झाडतं, तेव्हा मलाही घर घ्यावंसं वाटतं. दहा मिनिटं.

पण त्या जाकीटवाल्या बाईंच्या घरी कुत्रा असेल तर तो सकाळी आठपासून एकटा दाराकडे बघत बसत असेल, पैज लावते. (नसेल कदाचित. मला काय माहीत. राग आलाय.) चिंगी मला दिवसभर हाताच्या अंतरावर लागते. मी लॅपटॉपवर काम करते, ती माझ्या पावलांवर हनुवटी टेकून पडते. पाय बधिर होतात, हलवत नाही.

आजी हल्ली बर्कमस्टेडच्या बाजूला असतात. बोट त्यांच्या जवळ आली की चिंगीला इंजिनाचा आवाज कळतो की कोळशाचा वास, देव जाणे, पण ती आपणहून दाराशी जाऊन उभी राहते. एरवी बाहेर न्यायला विनवण्या कराव्या लागतात हिला! परवा आजींनी विचारलं, "पुन्हा कधी गोठणार गं कालवा?" मी म्हटलं, आजी, त्याला कालवा कशाला गोठायला हवा? तर हसल्या आणि चहाचं पाणी ठेवायला आत गेल्या.

असो. कायमचा धक्का नसलेल्या आमच्यासारख्यांना एका जागी १४ दिवसांहून जास्त थांबता येत नाही, १९९५ पासून कायदाच आहे तसा. म्हणून शनिवारी मार्सवर्थचे सात लॉक (बोट वर-खाली नेणारे पाण्याचे दरवाजे) उतरायचेत. लंडनकडच्या हॅरो-स्लाववाल्यांनो, ज्यांना माझा फारच हेवा वाटतो त्यांनी सकाळी आठला यावं. लॉकचं हँडल मी देईन, चहा-पोहे देईन. हातमोजे आपापले आणा, आणि चिंगी पलंगावर झोपली असेल तर उठवू नका.