सामान उचलणाऱ्यांची बाजूही लिहा

घर बदलताना पॅकर्स-मूव्हर्सकडून फसवणूक कशी टाळावी, हा लेख उपयोगाचा आहे. पण त्यात मजूर फक्त हयगय करणारे म्हणून येतात, ते फार खटकलं. मी इंदुरात याच धंद्यात सुपरवायझर आहे. रामबागेतल्या जुन्या घराच्या अरुंद जिन्यावरून लोखंडी कपाट उतरवताना खालच्या माणसाला पायरी दिसत नाही; वरचा सांगेल तसं तो पाऊल टाकतो. एकाचा हात सुटला तर दुसरा चिरडतो. हे नुसत्या ताकदीचं काम नाही. फ्रिज उभाच न्यायचा, फ्रंट लोड वॉशिंग मशीनचा ड्रम, मशीनसोबत मिळालेले ट्रान्झिट बोल्ट लावून पक्का करायचा. ते बोल्ट घरात बहुधा सापडत नाहीत, आणि मशीन बिघडलं की बोल आम्हाला.

कोटेशन फोनवर दिलेलं असतं, सामान निघतं दुप्पट. भांडण ऑफिसशी असायला हवं, शिव्या खातात पोरं. त्यांची रोजी मात्र तेवढीच. महाराष्ट्रात माथाडींसाठी 1969 चा कायदा तरी आहे; आमच्या पोरांकडे फार तर ई-श्रम कार्ड, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं कार्ड. पाठ गेली की काम गेलं.

बिल्टी (माल वाहतुकीची पावती) आणि ट्रान्झिट विमा (वाटेतल्या नुकसानीचा विमा) घ्या, हा लेखातला सल्ला अगदी बरोबर. दागिने स्वतःजवळच ठेवा, नाहीतर पहिला संशय मजुरांवर येतो. आणि लिफ्ट चालू आहे का, गल्लीत ट्रक शिरतो का, हे बुकिंगच्या वेळीच सांगा, म्हणजे दोन माणसं जास्त आणता येतात.