‘सर्वांचं स्वागत’ एवढं लिहून भागत नाही

काल रात्री साडेअकराला सोलापुरातल्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका अक्कांचा व्हॉइस आला. दीड मिनिटाचा, अर्धा तेलुगूत, अर्धा मराठीत. बोलण्यामागं कात्रीचा आवाज येत होता. सकाळी बिडी कारखान्याच्या ब्रँचला बिड्या द्यायच्या होत्या आणि पानं कापायची राहिली होती. पोरीच्या ॲडमिशनला जातीचा दाखला पाहिजे, 1967 च्या आधीचा पुरावा आणा म्हणतात. तिचे आजोबा गिरणीत होते, शाळेचं तोंड बघितलं नाही, आता कागद कुठनं आणू?

दहा मिनिटांत उत्तर आलं, तेही व्हॉइसनंच. “अक्का, घाबरू नका. आजोबा शाळेत गेले नसतील, पण त्यांचे भाऊ कुणी गेले होते का विचारा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला दाखला चालतो. नसलाच तर जन्माच्या नोंदीचा उतारा काढू. उद्या मी येतो सोबत.”

उत्तर देणारा पोरगा सेटलमेंट नावाच्या वस्तीतला. त्याच्या समाजाला 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा द्यावा लागतो. ज्या विमुक्त-भटक्या समाजातली कितीतरी कुटुंबं पालं टाकून गावोगाव फिरत होती, त्यांनी 1961 साली आपण कुठं राहत होतो ते कागदावर दाखवायचं! या पोरानं स्वतःच्या दाखल्यासाठी तीन वर्षं हेलपाटे घातले. त्यामुळं कुठला कागद कुठल्या खिडकीवर मिळतो हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, आणि माझा तर फॉर्म भरून द्यायचाच धंदा आहे.

हाच पोरगा दोन वर्षांपूर्वी ग्रुप सोडून गेला होता. ते का, हे आज लिहायचंय. कारण चूक माझी होती.

दुकानात येणाऱ्या बायकांना एकमेकींचा आधार व्हावा म्हणून मी हा ग्रुप काढला. बिडी वळणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या, पुढं त्यांची पोरंही आली. वर ‘सर्वांचं स्वागत’ असं लिहिलं आणि मला वाटलं झालं काम. एका सकाळी कुणीतरी सीसीटीव्हीची क्लिप टाकली. रात्री गल्लीतनं दोघं चाललेत, बाकी त्यात काही नाही. खाली लिहिलेलं, अमुक जातीची टोळी शहरात फिरतेय, सावध राहा. तीस-चाळीस जणांनी हात जोडले. मीही ‘काळजी घ्या सगळ्यांनी’ असं लिहिलं. दुपारी तो पोरगा ग्रुपमधून बाहेर पडला. ती त्याची जात होती.

सोलापूरच्या माणसाला हे कळायला नको का? इंग्रजांनी 1871 साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. आपल्या गावात त्यांची तारेच्या कुंपणातली वसाहत होती. हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर परवानगी घ्यायची. म्हणून तर त्या भागाला आजही आपण सेटलमेंटच म्हणतो. कायदा रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 ला, देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी. मी लहानपणापासून त्या रस्त्यानं जाते-येते. ते नाव का पडलं, हे कधी विचारलं नव्हतं.

आणि रैनपाडा आपण विसरलो का? 1 जुलै 2018. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, त्यातले बहुतेक जण आपल्या मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षा मागत धुळे जिल्ह्यात गेलेले. आठवडी बाजाराच्या गर्दीनं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. मुलं पळवणारी टोळी आलीय, असे मेसेज त्या भागात फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच चॅटवर फॉरवर्ड करता येईल असं केलं. माझ्या ग्रुपवर आलेला मेसेज त्याच वाणाचा होता, आणि त्याच्याखाली माझं ‘काळजी घ्या’ होतं.

मी त्याच्या घरी गेले. त्याच्या आईनं चहा ठेवला, बाहेर जाऊन शेजारणीकडून बशी मागून आणली. मी माफी मागितली. तो म्हणाला, “ताई, मी तिथं काय बोललो असतो तर म्हणले असते, बघा, लागलं याला.” याच्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

तेव्हापासून आमच्याकडं चोराचिलटांचे फॉरवर्ड बंद आहेत. जातीचं, धर्माचं नाव घेऊन कुणी टाकलं तर आधी मी फोन करते, समजावते. दुसऱ्यांदा टाकलं की काढते. यात माझा सख्खा मावसभाऊ गेला, वर्ष झालं माझ्याशी बोलत नाही. मला त्याचं वाईट वाटतं, पण त्याला परत घेणार नाही. आणि तो पोरगा आता माझ्याबरोबर ॲडमिन आहे. नुसता नावाला नाही, कुणाला काढायचं, कुणाला ठेवायचं, यात त्याचा शब्द शेवटचा.

मला लोक म्हणतात, सगळ्यांना सारखं वागवा की, वेगवेगळे लाड कशाला? अहो, सगळ्यांना लिहायला मोकळीक आहे म्हणजे ज्यांना लिहिता येतं त्यांनाच मोकळीक आहे. पहिले सहा महिने बिडीवाल्या बायका ग्रुपवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. मला वाटायचं त्यांना रस नाही. एकीनं दुकानात येऊन सांगितलं, “वाचायला येत नाही ओ, पोरगं घरी असलं तर वाचून दाखवतंय.” त्या दिवसापासून प्रत्येक महत्त्वाची गोष्ट व्हॉइसनं जाते, मराठीत आणि तेलुगूत. कन्नड आणि उर्दूचं अजून जमलेलं नाही, ती आमची मोठी उणीव आहे. घरात फोन एकच, तोही दिवसभर नवऱ्याकडं नाहीतर पोराकडं. म्हणून ‘आज पाचपर्यंत कळवा’ असं आम्ही कधीच टाकत नाही. बायकांचा फोन रात्री दहानंतर त्यांच्या हातात येतो, ग्रुप तेव्हा जागा होतो.

एक तृतीयपंथी ताई आल्या होत्या. ग्रुपमधनं त्यांचा नंबर कुणीतरी उचलला आणि रात्री-अपरात्री फोन सुरू झाले. त्यांनी नंबर बदलला. आता त्या ग्रुपमध्ये नाहीत, थेट मला मेसेज करतात, मी त्यांचं नाव न घेता ग्रुपवर विचारते आणि उत्तर त्यांना कळवते. यापेक्षा चांगला मार्ग मला सापडलेला नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा, मनापासून ऐकेन.

मदत देताना फोटो काढायचा नाही, हेही ठरलंय. वह्या वाटायला आलेले एक जण त्यावरून रागावून निघून गेले. वह्या आम्ही वर्गणी काढून घेतल्या.

आता कामाचं. कन्नड आणि उर्दू चांगलं बोलणाऱ्या दोन-दोन बायका पाहिजेत, रात्री दहा ते अकरा, आठवड्यातले तीन दिवस, फक्त मेसेज वाचून व्हॉइस करायचा. आणि ज्यांना मोडी वाचता येते त्यांनी जरूर कळवा, जुन्या नोंदी मोडीत निघतात आणि आमचं तिथं अडतं.

अक्कांच्या चुलत सासऱ्यांचा चौथीचा दाखला आज दुपारी सापडला. पत्र्याच्या पेटीत, पोथीच्या खाली होता. 1958 चा आहे.