निर्दोष ठरणे आणि निर्दोष होणे

२ नोव्हेंबर हा कॅथलिकांचा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्या संध्याकाळी मी एका जुन्या मित्राबरोबर आणि वहिनींबरोबर इथल्या ख्रिस्ती कब्रस्तानात गेलो होतो. मित्राचे घराणे मूळचे अहमदनगरचे. आजोबा रेल्वेच्या नोकरीनिमित्त इंदूरला आले आणि इथलेच झाले. घरची परंपरा प्रॉटेस्टंट, आणि आज ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे सभासद आहेत. वहिनी वसईच्या, कॅथलिक. त्यांनी सासूबाईंच्या कबरीवरची कडुनिंबाची वाळकी पाने हाताने बाजूला सारली, मेणबत्तीचे बूड काडीने वितळवून सिमेंटवर चिकटवले आणि सासूबाईंच्या आत्म्यासाठी प्रार्थना सुरू केली. मित्र शेजारी उभे होते, पण त्यांचे ओठ हलले नाहीत. आईबद्दल देवाचे आभार मानता येतात, पण आईसाठी आता मागण्यासारखे काही उरलेले नाही, तिचा निकाल ख्रिस्ताच्या क्रुसावरच लागून गेला आहे, अशी त्यांची श्रद्धा आहे.

आमच्या सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत या विषयाची वासलात एका वाक्यात लागते: कॅथलिक मूर्ती ठेवतात, प्रॉटेस्टंट ठेवत नाहीत, बाकी सगळे सारखेच. थोडे अधिक वाचलेले लोक म्हणतात की प्रॉटेस्टंटांचा भर श्रद्धेवर आणि कॅथलिकांचा कर्मावर. हे दुसरे विधान पहिल्यापेक्षा जास्त दिशाभूल करणारे आहे, आणि ही पोस्ट मुख्यतः त्याच्याविरुद्ध आहे. मी ख्रिस्ती नाही. मात्र आयुष्य वकिलीत गेल्यामुळे या वादातली भाषा मला ओळखीची वाटते, कारण तो मुळात निकालपत्राच्या अर्थाबद्दलचा वाद आहे.

शाळेत आपण शिकलो की पोपची माणसे पापमुक्तीची पत्रे विकत होती आणि १५१७ साली प्रॉटेस्टंट चळवळीचा आरंभ करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने त्याविरुद्ध ९५ मुद्दे मांडले. विक्री झाली हे खरेच, आणि रोममधील सेंट पीटरच्या चर्चच्या बांधकामासाठी तो पैसा हवा होता हेही खरे. पण कॅथलिक शिकवणीप्रमाणे ती पत्रे पापाच्या क्षमेची नव्हती. पापाची क्षमा पश्चात्ताप आणि पापनिवेदन यांतून होते. त्यानंतरही जो तात्पुरता दंड भोगायचा उरतो, त्यात मिळणारी ती सूट, म्हणजे दंडमाफी. गुन्हा माफ होणे आणि दंड माफ होणे या दोन गोष्टी कोर्टातही वेगळ्या असतात. पैसे घेऊन अशी माफी देण्याची पद्धत पोप पायस पाचवे यांनी १५६७ मध्ये बंद केली; दंडमाफीची शिकवण मात्र आजही कायम आहे, आणि १ ते ८ नोव्हेंबर या दिवसांत ठरलेल्या अटी पाळून कब्रस्तानात मृतांसाठी प्रार्थना केली तर ती माफी मृतांच्या नावे मिळते असे कॅथलिक मानतात. ज्या मुद्द्यावरून युरोप दुभंगला, तो मुद्दा त्या संध्याकाळी इंदुरात एका कबरीवर मेणबत्तीच्या रूपाने जळत होता, आणि नवरा-बायको त्याच्या दोन बाजूंना उभे होते.

आता मूळ गाठ पाहू. बायबलमधील रोमकरांस पत्रात संत पौल सांगतात की मनुष्य नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. ल्यूथरने जर्मन भाषांतर करताना तिथे ‘केवळ’ हा अर्थ देणारा शब्द स्वतः घातला. मूळ ग्रीकमध्ये तो नाही. उलट याकोबाच्या पत्रात मनुष्य कर्मांनी नीतिमान ठरतो, केवळ विश्वासाने नव्हे, असे स्पष्ट वाक्य आहे. पण माझे लक्ष ‘केवळ’पेक्षा आपल्या मराठीतल्या ‘ठरतो’ या क्रियापदाकडे जाते. ठरणे हे काम न्यायाधीशाच्या लेखणीचे, आणि होणे हे माणसाच्या आतले. ल्यूथरच्या मते देव पाप्याला ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वावरून नीतिमान जाहीर करतो. ते नीतिमत्त्व परके असते, पांघरलेले असते, आणि पांघरुणाखालचा माणूस मरेपर्यंत पापीही राहतो. कॅथलिक मतानुसार देवाची कृपा आत उतरते आणि माणसाला खरोखर नीतिमान करते. लॅटिनमध्ये या क्रियेसाठी जो शब्द रूढ झाला त्याची घडणच ‘नीतिमान करणे’ अशी आहे, तर मूळ ग्रीक शब्दाला कोर्टाचा वास आहे. मराठीत ‘ठरणे’ रुळले, आणि निदान या एका शब्दापुरती मराठी ल्यूथरच्या बाजूला जाऊन बसली.

कॅथलिकांनी उत्तर दिले ते इटलीतील ट्रेंट येथील धर्मपरिषदेत, १३ जानेवारी १५४७ रोजी. तेव्हा ल्यूथरला जाऊन अकरा महिने होत आले होते. त्या निवेदनाची १६ प्रकरणे आणि ३३ नियम आहेत. नववा नियम ‘केवळ विश्वासाने’ या मताचा धिक्कार करतो, आणि वादात नेहमी तोच पुढे केला जातो. पण पहिला नियम कोणाचा धिक्कार करतो हे फारसे कोणी सांगत नाही: देवाच्या कृपेवाचून, स्वतःच्या कर्मांच्या बळावर माणूस नीतिमान ठरू शकतो असे म्हणणाऱ्याचा! म्हणजे ‘कॅथलिक कर्मवादी’ हे समीकरण त्यांच्याच पहिल्या नियमापाशी कोसळते. आपल्याकडे श्रीवैष्णवांमध्ये आईला घट्ट बिलगणारे माकडाचे पिल्लू आणि आईने तोंडात उचललेले मांजराचे पिल्लू, म्हणजे भक्ताने स्वतः प्रयत्न करायचा की सगळे देवावर सोडायचे, असा वाद आहे, आणि तो दाखला इथे हटकून दिला जातो. दाखला गोड आहे, पण लंगडा आहे, कारण ट्रेंटचे म्हणणे असे की पिल्लाच्या हातातले बिलगण्याचे बळसुद्धा आईचेच.

मग मी कोणत्या बाजूचा? पुष्कळ वर्षांपूर्वी एका संस्थेतील भांडारपालावर अपहाराचा खटला झाला होता आणि मी त्याचा वकील होतो. खटला अकरा वर्षे चालला. त्या काळात तो माणूस कमालीचा सज्जन झाला होता: शेजाऱ्याला दवाखान्यात नेई, गल्लीतल्या मुलांना फुकट शिकवी, आणि प्रत्येक वेळी मला येऊन सांगे की साहेब, हे कुठे कामाला येईल का. निकाल लागेपर्यंत त्याचे प्रत्येक सत्कृत्य बचावाचा पुरावा होते. दोषमुक्त झाल्यानंतर काही महिन्यांनी तो भेटला, तेव्हाही तो मुलांना शिकवतच होता, पण त्याबद्दल त्याने अवाक्षर काढले नाही. मला ते दुसऱ्याकडून कळले. ल्यूथरचे म्हणणे मला त्या दिवशी समजले. निकालाच्या धाकाखाली केलेले पुण्य शेवटी स्वतःसाठीच असते. निकाल आधी लागला तरच माणूस शेजाऱ्यासाठी काही करू शकतो. त्यामुळे या मुद्द्यावर मी ल्यूथरच्या बाजूने आहे, आणि सत्कर्मे हे नीतिमान ठरल्याचे केवळ फळ नव्हे, त्यांनी नीतिमत्त्व वाढतेही, हे ट्रेंटचे म्हणणे मला अजून पचलेले नाही.

हे मी वहिनींना सांगितले. त्या म्हणाल्या, “कोर्टाने सोडलं, मान्य. पण अकरा वर्षं कोर्टकचेऱ्यांची धूळ अंगावर घेऊन आलेल्या माणसाला आपण तसंच पाटावर बसवतो का? आधी आंघोळ करून ये म्हणतो. ती शिक्षा असते का?” शुद्धिस्थानाची, म्हणजे मृतात्मा स्वर्गात जाण्याआधी शुद्ध होतो असे कॅथलिक मानतात त्या अवस्थेची, इतकी घरगुती उपपत्ती मी तरी कुठे वाचलेली नाही. मित्रांनी लगेच हरकत घेतली की या आंघोळीला शास्त्राधार काय, आणि वहिनींनी मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाचे नाव घेतले, ज्यात मृतांसाठी प्रार्थना केल्याचा उल्लेख आहे. अडचण अशी की तो ग्रंथ वहिनींच्या ७३ ग्रंथांच्या बायबलमध्ये आहे आणि मित्रांच्या ६६ ग्रंथांच्या बायबलमध्ये नाही. पुरावाच एका पक्षाला अमान्य असेल तर जिरह करायची कशावर?

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च आणि जागतिक ल्यूथरन संघ यांनी नीतिमान ठरण्याच्या शिकवणीवर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, तर कृपेनेच देव आपल्याला स्वीकारतो, एवढे दोघांनी मिळून मान्य केले. पुढे मेथडिस्ट, अँग्लिकन आणि रिफॉर्म्ड परंपरेचे संघही त्यात सामील झाले. ही तडजोड खरी आहे, मात्र तिच्याने सगळे प्रश्न सुटलेले नाहीत. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी, ल्यूथरने ते ९५ मुद्दे मांडल्याला पाचशे वर्षे पूर्ण होऊन चार दिवस झाले असताना, इंदुरातच कॅथलिक जोगीण सिस्टर राणी मारिया यांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले. १९९५ मध्ये उदयनगरजवळ त्यांची हत्या झाली होती, आणि त्यांच्या कुटुंबाने मारेकऱ्याला क्षमा केली होती. मित्र त्या सोहळ्याला गेले होते आणि आजही सिस्टरांविषयी अतिशय आदराने बोलतात. पण वहिनी सिस्टरांना आपल्यासाठी देवाकडे रदबदली करायला सांगतात, तसे मित्र कधीच सांगणार नाहीत. कारण त्यांच्या मते मध्यस्थ एकच आहे, ख्रिस्त.

त्या संध्याकाळी प्रार्थना अर्ध्यावर असताना वारा सुटला आणि ज्योत आडवी झाली. मित्र खाली वाकले आणि प्रार्थना संपेपर्यंत त्यांनी दोन्ही तळव्यांचा आडोसा धरून ठेवला. परतताना मी चेष्टेने म्हटले की हा तर तुमच्या सहभागाचा धडधडीत पुरावा झाला. ते म्हणाले, “वकीलसाहेब, वारा होता म्हणून हात धरला.”