शिंगं काढून घेणाऱ्या बायका

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, उद्या सकाळची शिफ्ट आहे, पण हे लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

आज कॅनडा डे. आपल्या मराठी मंडळींची पिकनिक होती ग्रँड रिव्हरच्या काठच्या पार्कात. वडापाव, लिंबू-चमचा, मुलांची पळापळ, सगळं छान चाललं होतं. आणि जेवताना एक गृहस्थ, शिकलेले, चांगल्या हुद्द्यावरचे, म्हणाले की या नेटिव्ह, म्हणजे इथल्या मूळच्या, लोकांना सगळं फुकट मिळतं, टॅक्स नाही काही नाही, आणि तरी स्वतःचा कारभार यांना कधी चालवता आला नाही, इंग्रजांनी लोकशाही शिकवली म्हणून निदान निवडणुका तरी होतात. आजूबाजूचे दहा-बारा जण हसले. मी हसले नाही, पण बोललेही नाही. प्लेट उचलून मुलांकडे निघून गेले. तेच आता घशात अडकलंय.

ज्या गवतावर आपण सतरंज्या टाकून बसलो होतो ना, ते कुणाचं आहे माहितीये? 1784 साली हॅल्डिमंड नावाच्या गव्हर्नरने लिहून दिलं की ग्रँड रिव्हरच्या उगमापासून मुखापर्यंत दोन्ही काठांना सहा-सहा मैल जमीन मोहॉक या इथल्या मूळच्या आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांची, त्यांच्या पोराबाळांसकट कायमची. कारण अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ते इंग्रजांच्या बाजूने लढले आणि स्वतःचा मुलूख गमावून बसले. साडेनऊ लाख एकर. आज त्यातली जेमतेम पाच टक्के त्यांच्याकडे आहे. ब्रँटफर्ड, केंब्रिज, किचनर, वॉटर्लू, म्हणजे आपली निम्मी घरं त्याच पट्ट्यात आहेत. फुकट नक्की कुणाला मिळालं? आणि टॅक्सचं म्हणाल तर सूट आहे ती रिझर्व्हवरच्या, म्हणजे त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जमिनीवरच्या, कमाईला आणि मालमत्तेला, त्याबाहेर नोकरी केली की पगारातून कापला जातोच, पण एवढं कोण वाचतंय.

जाऊ दे. मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

आम्ही इथे नवीन होतो तेव्हाची गोष्ट. सिक्स नेशन्सच्या, म्हणजे याच मोहॉक आणि त्यांच्या सोबतच्यांच्या, रिझर्व्हवर गॅस स्वस्त मिळतो म्हणून आम्ही तिथल्या ओश्वेकन गावाला जायचो, तुम्हीही सगळे जाता. येताना रस्त्याच्या कडेला एक आजी स्ट्रॉबेरीचं सरबत विकत बसलेली. सत्तरी ओलांडलेली, पांढऱ्या केसांची लांब वेणी. मी सरबत घेतलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, इथे निवडणुका आल्यात वाटतं, पाट्या दिसतायत, तुम्ही कुणाला मत देणार? ती म्हणाली, आमच्या घरातल्या बायका मत देत नाहीत. मला वाटलं झालं, इथेही तेच, बाईमाणसाला विचारतंय कोण. तर ती शांतपणे म्हणाली, आम्ही माणूस उभा करतो, आणि चुकला तर आम्हीच खाली बसवतो.

मला तेव्हा काही कळलं नाही. घरी येऊन वाचायला लागले आणि मग वाचतच राहिले.

सिक्स नेशन्सना इरोक्वॉय हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं, ते स्वतःला होडेनोशोनी म्हणतात, लांब घरात राहणारी माणसं. मोहॉक, वनायडा, ओनोन्डागा, कायुगा, सेनेका ही पाच राष्ट्रं, आणि 1722 च्या सुमारास टस्करोरा आले, ती सहा. एकमेकांचे गळे कापत होती ही मंडळी, सूडावर सूड. मग एका शांतिदूताने त्यांना एकत्र आणलं. त्याचं नाव ते असं उठसूट घेत नाहीत, म्हणून मीही लिहीत नाही. हायवाथा नावाचा एक जण त्याच्यासोबत होता. पण त्याचं म्हणणं सगळ्यात आधी कुणी मानलं? एका बाईने, जिगोन्सासेने. म्हणून सरदारपदं बायकांच्या हाती, असं ते सांगतात.

सगळ्यांची मिळून एक महासभा, 50 जागा. ओनोन्डागांच्या 14, कायुगांच्या 10, मोहॉक आणि वनायडांच्या नऊ-नऊ, सेनेकांच्या आठ. आता तुम्ही म्हणाल 14 वाले बाकीच्यांना दाबत असतील. नाही ना! तिथे हात वर करून मोजणी होतच नाही. विषय आधी मोहॉक आणि सेनेका बोलणार, ते थोरले भाऊ. मग शेकोटीच्या पलीकडे धाकट्या भावांकडे, वनायडा आणि कायुगांकडे जाणार. दोघांचं जुळलं की ओनोन्डागांकडे, ते शेकोटी राखणारे, ते शिक्कामोर्तब करणार. नाही जुळलं तर परत फिरवा, परत बोला. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत. वेळखाऊ आहे, मान्य. पण आपल्या गडचिरोलीतलं मेंढा-लेखा गाव ग्रामसभेत असंच सर्वसहमतीने ठरवतं, तेव्हा आपण कौतुकाने शेअर करतो की नाही?

आणि सरदार कोण होणार हे ठरवते कुळाची माता, क्लॅन मदर, कुळातल्या इतर बायकांशी बोलून. कूळ आईकडून चालतं, बापाकडून नाही. पोरगा लहान असल्यापासून त्या बघत असतात, रागावतो कसा, वाटून खातो का. सरदाराची कातडी सात वितींची हवी असं त्यांचा महान कायदाच सांगतो, म्हणजे लोकांनी काही बोललं तरी आत जाता कामा नये. त्याच्या टोपावर हरणाची शिंगं असतात, ती पदाची खूण. वाकडं वागला की समज देतात, तीनदा. तरी सुधारला नाही तर कुळाची माता शिंगं काढून घेते. संपलं. पाच वर्षं थांबायचं नाही. लढाईचंसुद्धा तसंच, वाटेची मक्याची शिदोरी आणि पायातले जोडे बायकांच्या हातचे, त्यांनी दिले नाहीत की कसली लढाई.

आम्हीच खाली बसवतो. त्या आजीचं वाक्य मला तेव्हा कळलं.

आता 1924. पिकनिकवाल्या काकांनी हे साल पाठ करावं अशी माझी फार इच्छा आहे. त्याच्या आदल्या वर्षी डेस्काहे नावाचे कायुगांचे सरदार आपल्या लोकांनी दिलेला पासपोर्ट घेऊन जिनिव्हाला लीग ऑफ नेशन्सकडे, म्हणजे युनोच्या आधीच्या राष्ट्रसंघाकडे, गेले, की कॅनडा आमच्या सरकारात घुसतोय, आमचं ऐका. इराण, आयर्लंड, पनामा, एस्टोनिया यांनी पाठिंबा दिला, पण इंग्रजांनी खटपटी करून डेस्काहेंना लीगपुढे बोलूच दिलं नाही. आणि ते अजून परत आलेही नव्हते तेव्हा, 1924 च्या ऑक्टोबरमध्ये, इकडे ओश्वेकनला कॅनडा सरकारने ती परंपरागत सभा बरखास्त करून टाकली. पोलीस आणून. ज्यात करार आणि ठराव विणून ठेवलेले असतात ते वॅम्पमचे, म्हणजे शिंपल्यांच्या मण्यांचे, पट्टे उचलून नेले आणि निवडणूक लावली. डेस्काहे पुढच्याच वर्षी वारले.

आणि त्या निवडणुकीत मत कुणाला होतं? फक्त पुरुषांना!! ज्या बायका सरदार बसवत होत्या, उठवत होत्या, त्यांना मतसुद्धा नाही. का, तर इंडियन ॲक्ट, कॅनडा सरकारचा या मूळच्या लोकांसाठीचा कायदा. बायकांना त्या निवडणुकांत मत मिळायला 1951 उजाडलं. 1918 मध्ये याच देशाने गोऱ्या बायकांना मताचा हक्क दिला होता. ही ती शिकवलेली लोकशाही.

त्याच कायद्यात आणखी एक होतं, बाईने बाहेर लग्न केलं की तिचं इंडियन स्टेटस, म्हणजे मूळची रहिवासी ही सरकारी मान्यता, जायचं, पुरुषाने बाहेरची बायको आणली तर तिला मिळायचं. 1985 पर्यंत. आईकडून चालणारं कूळ कागदावर बापाच्या नावे करून टाकलं.

हो, पदं ठरावीक घराण्यांतच फिरतात, आणि 1649 मध्ये याच मोहॉक आणि सेनेकांनी ह्युरॉन लोकांची गावं जाळली, आणि आज सिक्स नेशन्समध्येच निवडून आलेलं कौन्सिल मानणारी माणसंही आहेत. तो त्यांचा घरातला प्रश्न आहे, सोडवतील ते. पण त्यांना कारभार येत नव्हता असं म्हणू नका. चालता कारभार कुलूप लावून बंद पाडला. आणि तरी महासभा संपली नाही, ती अजून बसते.

त्या आजीचं अजून थोडं राहिलं. पैसे दिल्यावर तिने मला विचारलं, तुझं कूळ कुठलं? मी म्हटलं, आमच्यात वडिलांचं असतं, आणि लग्न झालं की नवऱ्याचं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, मग तुझ्या आईचं कोण चालवणार?

मिरजेत आम्ही दोघी बहिणी. भाऊ नाही. बाबा गेले तेव्हा दहाव्याला एक नातेवाईक आईसमोर म्हणाले होते, वंश थांबला. आई तेव्हा तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही. मीही तेव्हा गप्प बसले होते. आजच्यासारखीच.

त्या आजीने मग बोटावर मोजून दाखवलं होतं, मी, माझी आई, तिची आई, तिची आई, असं करत एक हात संपून दुसऱ्या हातावर गेली. आता तुझं सांग म्हणाली. मी दोन बोटांवर थांबले. बाबांच्या बाजूची सात नावं त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या वहीत आहेत, सगळी पुरुषांची.

आत्ता लिहिता लिहिता आईला फोन लावला, तिकडे सकाळचे नऊ वाजलेत. विचारलं, तुझ्या आईच्या आईचं नाव काय गं? लग्नाआधीचं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, थांब, कुरुंदवाडच्या मावशीला विचारते, तिला माहीत असेल.